दामोदरचं इंजिन आणायला

पनवेलवरून मी आयुष्यात पन्नासेक वेळा गेलो असेन. पनवेलला गेलो तो यंदाच्या जानेवारीत. परत आल्यावर शेजारच्या कुलकर्ण्यांनी फाटकातूनच विचारलं, "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो, "जुने ट्रक." ते हसले आणि फुलं तोडायला लागले. घरात दुसरं कुणी विचारणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी थोडं माझ्याविषयी. बत्तीस वर्षं मी बार्शीच्या बसआगारात डिझेल मेकॅनिक होतो. त्या इंजिनांनी माझे कान नेले. आता उजव्या कानात मशीन आहे. समोर बसून एक माणूस बोलला तर सगळं कळतं. चार माणसं एकदम बोलली की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं होतं. बायको तीन वर्षांपूर्वी नातवाला सांभाळायला मुलाकडे हैदराबादला गेली. भांडण वगैरे काही नाही. नातू शाळेत जायला लागला तरी ती तिथंच आहे, एवढंच. निवृत्तीनंतर मी भंगारात निघालेला लांब नाकाचा एक ट्रक घेतला, हौदा कापून लहान केला, वर्षभर खेटे घालून कागदपत्रं पुरी केली. त्याचं इंजिन मात्र थकलं आहे. डिझेलइतकंच ऑइल पितं.

या ट्रकापायी मी फोनवरच्या एका गटात शिरलो. जुन्या डिझेल गाड्यांची हौस असलेली दोनशे-अडीचशे माणसं त्यात आहेत. तिथंच दामोदर पाटील भेटला, म्हणजे अक्षरांतून भेटला. तो पनवेलजवळ शिरढोणच्या पुढच्या एका गावातला. उमेदीत उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायचा. त्याच्याकडे माझ्या ट्रकाला बसेल असं जास्त ताकदीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं, त्यानं स्वतः उघडून नव्यानं बांधलेलं. "माझा ट्रक मी विकला. हे तुमच्या ट्रकात बसवू," असं त्यानंच दोन वर्षांपूर्वी लिहिलं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला मी त्याला लिहायचो आणि आठच्या आत त्याचं उत्तर यायचं. सहा महिन्यांत आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. मला ऐकू येत नाही हे मी त्याला सांगितलेलं, त्यामुळे फोन करायचा प्रश्न नव्हता.

जानेवारीत पनवेलला गटाचा मेळावा ठरला तेव्हा त्याला विचारलं. उत्तर आलं, "ये. वाट बघतो. इंजिन घेऊनच जा."

खोपोली, शनिवार

वाटेचं वर्णन करत नाही, पुण्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलेली आहे. घाट उतरताना ब्रेक इतके तापले की खोपोलीत पोचलो तेव्हा चाकांतून जळक्या चामड्यासारखा वास येत होता. तासभर ट्रक सावलीत उभा केला आणि टपरीवर वडापाव खाल्ला. टपरीवाल्या बाईनं ट्रकाकडे पाहून विचारलं, "एकटेच निघालात एवढा मोठा घेऊन?" मी म्हणालो, "पनवेलला मित्र आहे." हे वाक्य कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून गेलं. खालच्या हवेत घाम लगेच फुटतो. बार्शीत जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो. इथं माणसं पातळ शर्टात फिरत होती.

पनवेलमध्ये बसस्थानकाजवळ लॉज घेतला. मालकानं ट्रक लावायला मागचं आवार दिलं. दामोदरला लिहिलं, "पोचलो." उत्तर आलं, "बरं झालं. नीट जेव."

पळस्प्याजवळचं मैदान, रविवार

पळस्पे फाट्याच्या पुढं एका गोदामामागं मोठं मोकळं मैदान होतं. तिथं तीसेक गाड्या लागल्या होत्या. चार-पाच जुने ट्रक, बाकी जीप आणि पिकअप. कुणी बॉनेट उघडून उभे, कुणी जमिनीवर आडवे होऊन दुसऱ्याच्या गाडीचं पोट बघत होते. मला ते दृश्य फार आवडलं. आमच्या आगारात सकाळी सातला असंच असायचं, फक्त इथल्या माणसांचे कपडे स्वच्छ होते.

मेळावा भरवणारा निनाद करंजाड्याला राहतो, मुंबईत ऑफिसात नोकरी करतो. पस्तिशीचा, उत्साही. त्यानं माझ्या ट्रकाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "काका, हा तर लेजंड आहे! याला ओरिजिनल इंजिन आहे अजून? स्वॅप करताय ना?"

"त्यासाठीच आलोय," मी म्हणालो.

मग त्यानं मला मांडवात नेऊन बसवलं. तिथं इंजिन बदलण्यावर चर्चा चालली होती. एका पिकअपवाल्यानं जपानी इंजिन बसवलेलं, त्याला गिअरबॉक्स जुळेना. दुसऱ्यानं सगळं जुळवलं, पण नव्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवून घेतला नव्हता, त्यामुळे आता त्याची गाडी दारात उभी होती. हे मला नंतर निनादनं सांगितलं. त्या वेळी माझ्या मशीनमध्ये नुसती वाळू ओतली जात होती. सगळे हसले की मी हसत होतो.

अचानक निनादनं माझं नाव घेतलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले. माईक माझ्या हातात आला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी प्रश्न विचारला. मला ऐकू आलं, "इंजिनचं वजन वाढलं तर पुढच्या पट्ट्यांचं काय?" मी पट्ट्यांवर बोलायला लागलो. फॅनचा पट्टा, डायनॅमोचा पट्टा, ताण किती ठेवायचा, अंगठ्यानं दाबून कसा पाहायचा. पाचेक मिनिटं बोललो. बोलताना बरं वाटत होतं. मग पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांकडे बघून मान खाली घालताना दिसली. निनाद हळूच जवळ आला आणि त्यानं फोनवर लिहून दाखवलं: पाट्यांचं विचारलं होतं, काका. स्प्रिंगच्या पाट्यांचं.

"पाट्यांचं होय," मी माईकमध्येच म्हणालो. मांडवभर हसू पसरलं. ते वाईट हसू नव्हतं, हे मला कळत होतं. तरी पाट्यांविषयी मला जे चांगलं माहीत होतं ते मी बोललो नाही. माईक देऊन टाकला आणि मांडवाबाहेर आलो.

उन्हं उतरली तेव्हा मैदानाच्या कडेला पोपटी लावली. हा खास या भागातला हिवाळी प्रकार. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाणी थेंबभर नाही. आमच्याकडे या दिवसांत हुरडा असतो. दोन्हीकडे शेकोटीभोवती बसून हातानं सोलून खायचं, पण हुरड्याला शेंगाचटणी नि गूळ लागतो, आणि पोपटीच्या शेंगांना त्या पाल्याचा कडवट, ओव्यासारखा वास असतो. मला पहिला घास चमत्कारिक लागला. नंतर मी पानभर शेंगा संपवल्या.

शेंगा सोलता सोलता निनादला विचारलं, "दामोदर पाटील दिसला नाही दिवसभर?"

निनादचा हात थांबला. तो माझ्या जवळ सरकून बसला, मला नीट ऐकू यावं म्हणून. "दामोदर काका आता कुठे येतात? तुम्हाला माहीत नाही? मागच्या मे महिन्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं पण गेलं."

"काल त्यानं मला लिहिलंय," मी म्हणालो. "नीट जेव म्हणून."

मी फोन काढून त्याला दाखवला. त्यानं ते दोन शब्द बराच वेळ वाचले.

शिरढोणच्या पुढं, सोमवार

पत्ता निनादनं दिला होता. सकाळी नऊला निघालो. डावीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, उजवीकडे गोदामं आणि मधूनमधून राहिलेली भातखाचरं. गावात आत वळल्यावर रस्ता इतका अरुंद झाला की दोन ठिकाणी लोकांनी मोटारसायकली हलवून मला वाट दिली. "दामू पाटलाकडं? सरल जा, पत्र्याची शेड हाय," एका म्हातारीनं हात करून सांगितलं.

फाटकात एक तिशी ओलांडलेली बाई उभी होती. मी उतरण्याआधीच म्हणाली, "माने काका ना तुमी? मी सुनंदा. दामू पाटलांची मुलगी." मग तिनं मान खाली घातली. "मीच लिवत होते तुमाला."

रात्रभर मला हेच वाटत होतं. मी ट्रकाच्या पायरीवरच बसलो.

ती समोर उभी राहून सांगत गेली. "बाबा पडले तेव्हा आठ दिवस हॉस्पिटलात होते. घरी आनलं, तर फोनवर तुमचे आठ मेसेज. मी वाचून दाखवले. तेव्हा पयल्यांदा त्यांचे डोळे हलले. मग मी रोज वाचायला लागले. ते डाव्या हातानं हो-नाय करायचे, तसं मी लिवायची. त्यांची वही हाय इंजिनाची, त्यातनं बघून लिवायची."

"आणि आता?"

"आता दिवाळीपासनं काय म्हनतात ते मला पन कलत नाय कधीकधी. मग माझ्या मनानं लिवते. तुमाला तू लिवताना कसंतरी व्हायचं, काका."

मला नोव्हेंबरातली गोष्ट आठवली. नव्या इंजिनाचं फ्लायव्हीलचं घर माझ्या जुन्या गिअरबॉक्सला जुळेल का, असं मी विचारलं होतं. उत्तर आलं, "जुळेल, काळजी नको." त्या दिवशी मला खटकलं होतं. दामोदर असं कधी लिहायचा नाही. तो लिहायचा, "मोजल्याशिवाय बोलू नको."

मला राग आला. पण कोणावर धरायचा ते कळेना. गेल्या आठ महिन्यांत मी त्याला इंजिनापलीकडचंही बरंच लिहिलं होतं. दोन भाकऱ्या करतो आणि एक उरते. बायकोचे फोन आता पाच मिनिटांत संपतात. माझ्यासारखाच एक म्हातारा गडी हे वाचतो आहे, असं समजून मी लिहिलं होतं.

"ते घरचं लिवलेलं मी बाबांना नाय वाचून दाखवलं," ती म्हणाली, जणू मी विचारलंच होतं. "मीच वाचलं. माझा नवरा दुबईला हाय, काका. सकाली सहाला मी पन उठलेलीच असते."

मी उठलो आणि तिच्यामागून शेडमध्ये गेलो.

दामोदर खुर्चीवर बसला होता. दोन वर्षं मी मनात एक उंच, मिशीवाला ट्रेलरवाला धरला होता. हा बुटका होता, गोल चेहऱ्याचा, ओठ उजवीकडे ओघळलेले. डोळे मात्र तीक्ष्ण. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या ट्रकाच्या नाकाकडे पाहिलं, आणि डावा हात उचलला. मी तो दोन्ही हातांत धरला. त्याला बोलता येत नव्हतं, मला नीट ऐकू येत नव्हतं.

इंजिन त्याच्या शेजारीच होतं, लाकडी घोड्यावर, ताडपत्रीखाली. सुनंदानं ताडपत्री ओढली. काय सुंदर बांधलं होतं! प्रत्येक नळी क्लिपनं बसवलेली, कुठं तेलाचा डाग नाही. मी ट्रकाची बॅटरी काढून आणली, कॅनमधून डिझेलची नळी जोडली, पाण्याचा पाइप लावला. तिसऱ्या खेपेला ते सुरू झालं. शेडचे पत्रे थरथरले. सुनंदानं कान झाकले.

आवाजावर मी आता विसंबत नाही. हात हेडच्या कव्हरवर ठेवला. धडधड एकसारखी होती, पण मधूनच एक ठोका कच्चा पडत होता. दामोदरनं खुर्चीतून पुढं वाकून डावा तळवा कव्हरवर टेकला. डोळे मिटले. एक एक नळी मी चाचपत गेलो आणि तीन बोटं वर केली. त्याच वेळी त्याची तीन बोटं वर होती. तिसऱ्या सिलिंडरचा, डिझेल फवारणारा नोझल.

तो हसला. अर्धाच चेहरा हसला. दोन वर्षांत आमचं खरं बोलणं झालं ते एवढंच.

मी तो नोझल काढला, साफ करून पुन्हा बसवला. नळीतली हवा काढून इंजिन सुरू केलं, तसा ठोका सरळ पडला. दुपारी सुनंदानं जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. तांदळाची भाकरी ज्वारीसारखी तुटत नाही, घडी पडते. मला कोरड्यासात, म्हणजे पातळ भाजीत, भाकरी बुडवायची सवय, मी तुकडे करत बसलो. सुनंदा वडिलांना लहान लहान घास भरवत होती.

जेवणानंतर तिनं गावातले दोन गडी बोलावले. लोखंडी तिवईला चेनपुली लावली, आकडे इंजिनाच्या कड्यांत अडकवले. मी बॅटरी परत ट्रकात बसवली आणि ट्रक मागं घेऊन हौदा शेडच्या तोंडाशी आणला. गड्यांनी साखळी ओढायला सुरुवात केली. इंजिन घोड्यावरून वीतभर उचललं गेलं.

दामोदरचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा, दोनदा. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या. गडी थांबले.

"काय झालं, बाबा?" सुनंदा धावली. "तुमीच म्हनलेलं ना, माने काकांना द्यायचं? शब्द दिलाय तुमी."

हात पुन्हा आपटला. मी आधी आकडे पाहिले. नीट अडकले होते. साखळी सरळ होती. मग मी इंजिनाकडे नीट पाहिलं. त्याच्या खुर्चीकडच्या बाजूचं झाकण, बसल्या जागी हात पोचतो तेवढाच भाग, आरशासारखा घासलेला होता. बाकी सगळीकडे साधा रंग होता.

"हे रोज पुसतात का ते?" मी विचारलं.

"सकाली इथं आनून बसवते. दुपारपर्यंत फडकं घेऊन पुसत असतात," ती म्हणाली. "दुसरं काय करनार?"

"खाली घ्या," मी गड्यांना म्हणालो.

"नाय नाय, काका, तुमी न्या," सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या लांबनं आलात. शब्द हाय त्यांचा."

"त्यानं दिलेला शब्द मला पोचला. इंजिन राहू दे."

इंजिन पुन्हा घोड्यावर बसलं. आकडे सुटले. दामोदरचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही. हात आपटून त्याला नको म्हणायचं होतं, की हळू म्हणायचं होतं, की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मला वाटला तो अर्थ घेतला. चुकलो असेन तर आमच्या दोघांचंही नुकसान केलं.

मी ट्रकात चढलो. माझं जुनं इंजिन धुराचा लोट सोडत सुरू झालं. घाट चढेल का, याची मला खात्री नव्हती. चारचा सुमार होता. सुनंदा फाटक उघडायला पुढं गेली. गडी निघून गेले होते. दामोदरची खुर्ची सुनंदानं शेडच्या तोंडाशी आणून ठेवली होती, माझ्या खिडकीपासून दहा-बारा हातांवर.

गिअर टाकताना मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. नुसते थरथरत नव्हते. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गळा हलला. काहीतरी बाहेर आलं होतं, हे मला दिसलं.

मी झटक्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरलो, त्याच्यासमोर उकिडवा बसलो, मशीनचा कान त्याच्या तोंडाजवळ नेला. पण तोवर ओठ मिटले होते. "काय म्हणालास?" मी विचारलं. "पुन्हा म्हण." त्यानं प्रयत्न केला. नुसता श्वास आला.

मी सुनंदाला हाक मारली. ती फाटकापासून पळत आली. "काही ऐकलंस का? काय म्हणाले?"

"नाय, काका," ती म्हणाली. "तुमचं इंजिन चालू होतं ना."